बाळाचं नाव, लातोच्या उन्हात

दरवाजा

ऑगस्टच्या भर दुपारी लातोवर, आमच्या क्रित्सा गावाजवळच्या डोंगरावरच्या पडक्या प्राचीन शहरात, कुणी चढत नाही. परदेशी माणसंसुद्धा सकाळी येऊन जातात. पण वार्दिसला चढायचं होतं. तो वर्षातून एकदा श्टुटगार्टहून क्रित्साला येतो, आणि आल्या आल्या त्याला सगळं एकदमच हवं असतं. समुद्र, राकीची दारू, बकरीचं चीज, मी.

"चल सिंतेक्ने," तो म्हणाला. "कातरिन आणि बाळ झोपलीत. बोलायचंय तुझ्याशी."

मुलाचा बाप आणि बाप्तिस्म्यात त्याला पाण्यातून उचलणारा धर्मबाप एकमेकांना सिंतेक्नोस म्हणतात. क्रीटमध्ये हे नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं मानतात. आम्ही शाळेपासून थट्टेनंच एकमेकांना तशी हाक मारत आलो, कारण दोघांनाही मूल नव्हतं. आता त्याला आणि त्याच्या जर्मन बायकोला, कातरिनला, झालंय. ईस्टरला फोनवर तो म्हणाला होता, "पंधरा ऑगस्टच्या मेरीच्या सणानंतरचा रविवार. गावात मोठं करू. तू मोकळा राहा."

एवढंच. धर्मबाप होशील का, असं विचारलं नव्हतं. विचारायचं असतं ते समोर उभं राहून.

तरी क्रॉस माझ्या शर्टाच्या खिशात होता. सोन्याचा, साखळीसकट. तो धर्मबापानंच आणायचा असतो. बाळाचे पांढरे कपडेही घेतले होते, ते घरी टेबलावर ठेवलेत. आई गेल्यापासून त्या टेबलावर मी एकटाच जेवतो. कपडे ठेवल्यापासून उभ्यानंच जेवतो.

चढ

दगडी पायऱ्यांच्या कडेला जुनी दुकानं. छप्पर नाही, दारं नाहीत, उंबरे मात्र आहेत. झाडांतले किडे करवत चालवल्यासारखे ओरडत होते. दगडाला हात लावला की हात मागं यायचा.

"मानूसो, म्हातारा झालास. किती धापा टाकतोस!"

"तू तुझं पोट बघ. जर्मनांनी बियर भरून पाठवलंय."

"लग्न कर म्हणून सांगितलं तर केलं नाहीस. आता त्या मेंढ्या तुला खांद्यावर घेतील का?"

"त्या निदान वर्षभर इथं असतात."

तो हसला, पण थोडंसंच. मग एका उंबऱ्यावर बसला, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि म्हणाला, "निकिफोरोसला दात आलाय. रात्रभर झोपू देत नाही."

चढ, पुन्हा

निकिफोरोस.

वार्दिसच्या वडिलांचं नाव. ठेवणार तर तेच, यात काही नाही. पण आमच्याकडं बाप्तिस्म्याच्या पाण्यातून बाहेर येईपर्यंत मुलाला नाव नसतं. सगळे 'बाळ' म्हणतात. आईसुद्धा. मी वर्षभर फोनवर बाळ कसं आहे विचारत आलो आणि तो बाळ बरं आहे सांगत आला.

नाव आहे, म्हणजे तिकडं जर्मनीतच पाणी झालं. तेल लागलं. कुणा जर्मन मेव्हण्यानं त्याला हातात धरलं आणि नाव मोठ्यानं उच्चारलं. आता रविवारी गावजेवण, आणि मी पाहुणा. हेच सांगायला मला उन्हात वर आणलंय.

मी खिशावर हात ठेवला. घाम पुसतोय असं दाखवलं.

हौद

वर चौकात कोरडा हौद आहे. त्याच्या भिंतीच्या बोटभर सावलीत आम्ही दोघं पाय आखडून बसलो. खाली आखात पांढरं पडलं होतं.

वार्दिस उठून माझ्यासमोर उभा राहिला.

"मानूसो, रविवारी चर्चमध्ये–"

"रविवारी मी नाही."

"अरे, बोलू तरी दे."

"मेंढ्या वरच्या कुरणात न्यायच्यात."

"थट्टा करू नकोस."

"करत नाही."

"असल्या गोष्टीला नाही म्हणत नाहीत. पाप लागतं."

जेवणाला नाही म्हटलं तर कसलं पाप, असं माझ्या मनात आलं. "मेंढ्यांना सांग तसं," मी म्हणालो.



"बरं," वार्दिस म्हणाला. चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा.

मी देवळाच्या बाजूला, वरच्या पायऱ्या चढून गेलो. नुसताच. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

पायऱ्या

या चौकात बोललेलं वरपर्यंत स्पष्ट ऐकू येतं. पूर्वी सभा इथंच भरायची. खाली वार्दिस फोनवर गावातल्या लांबिसशी बोलत होता.

"लांबी, झोपला होतास? ऐक. माझ्या मुलाला पाण्यातून उचलशील?" मग, "मानूसोसला नाही जमत. नाही, भांडण नाही. मेंढ्या म्हणे." मग मोठ्यानं हसला. "नाही रे, बाळ कोरडंच आहे अजून, पाणी लागलेलं नाही! नावाचं म्हणशील तर, तिकडं महिन्याभरात सरकारी कागदावर नाव लिहून द्यावंच लागतं. कातरिन त्या नावानं हाका मारते, मलाही सवय लागली. आईसमोर म्हटलं तर ती चप्पल काढते."

मी खाली उतरायला लागलो. पळत उतरता येत नाही तिथून. पायऱ्या उंच, सभेला बसण्यासाठी केलेल्या. दोन्ही हात टेकत, बसत, घसरत उतरलो. तळवे भाजले. तोंडात त्याचं नाव होतं, हाक अजून बाहेर पडली नव्हती.

"देव तुझं भलं करो, सिंतेक्ने," वार्दिस फोनमध्ये म्हणाला.

लांबिस हो म्हणाला होता. विचारलेला शब्द आणि दिलेला शब्द. आता तो कुणालाच मागं घेता येणार नव्हता. मी तोंड उघडलं असतं तर तिघांचीही चूक झाली असती. आत्ता ती माझ्या एकट्याची होती.

उतार

"तुझ्यावर राग नाही," तो म्हणाला.

"कशाचा?"

"जाऊ दे. जेवायला तरी ये."

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही. ओळखतो मी तुला."

पडक्या शहराच्या दरवाजाशी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तापलेला, जड, ओळखीचा हात. गाडीत बसेपर्यंत त्यानं तो काढला नाही आणि मीही खांदा हलवला नाही.

रविवार

मेंढ्यांना वर जायचं नव्हतं. खाली पाणी होतं, चारा होता, बदामाची सावली होती. पण मी तसं म्हणून बसलो होतो, आणि क्रित्सात सगळ्यांना ते कळलं होतं. मी पहाटेच त्यांना बाहेर काढलं.

अर्ध्या वाटेवर असताना चर्चची घंटा झाली. मेंढ्या थांबल्या, माना वळवून खाली बघत उभ्या राहिल्या. मी मागं होतो. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मी त्यांना वर ढकलत राहिलो.