अविवाहित, शून्य

गाडीच्या विम्याचा कागद शोधता शोधता व्हर्लिनच्या हाती बायकोच्या पगारचिठ्ठ्या लागल्या. मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि चिठ्ठ्या रबर लावून खणात ठेवायची. त्याने सहज वरची उलगडली. नावाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं : अविवाहित, शून्य.

एकोणीस वर्षांचा संसार. पंधरा वर्षांची ब्रिटा. आणि शाळेच्या दप्तरी मार्लिस अविवाहित!

त्याने तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्याऐवजी तो तीन दिवस मनातल्या मनात जुळवाजुळव करत राहिला. दर गुरुवारी ती बोलिंगला, चेंडूने खुंट पाडायच्या खेळाला, जाते. हिवाळ्यात नवा कोट घेतला. आजकाल फोन उलटा ठेवते.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. शाळेच्या कचेरीत पगाराचं काम बघणारी अर्डिस कॉफी वाढत होती. व्हर्लिनबरोबर कागद गिरणीत कामाला असलेला रॉली आपल्या बायकोवरून काहीतरी विनोद करत होता, आणि व्हर्लिनच्या तोंडून निघून गेलं, "तुझं बरं आहे बाबा. माझी बायको तर शाळेत अविवाहित आहे! चिठ्ठीवर छापलंय. कोणाला मागणी घालायची असेल तर घाला."

दोन टेबलं हसली. अर्डिसच्या हातातली किटली थांबली.

"व्हर्लिन, तोंडात घास घाल."

"का? चिठ्ठ्या तूच काढतेस ना? खोटं बोलतोय का मी?"

"मी कोणाच्या कागदांबद्दल कुठे बोलत नाही," अर्डिस म्हणाली. "तूही बोलू नयेस."

मार्लिसची मान लाल झाली होती. तिने आणलेल्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि ती जिना चढून गेली. तिच्यामागून ब्रिटा.

घरी पोचल्यावर मार्लिसने कोटही काढला नाही. एक फाइल आणून त्याच्यापुढे टाकली.

"वाच."

नोकरीत पगारातून कर किती कापायचा ते सांगणारा अर्ज होता. त्यात तीन चौकटी होत्या. अविवाहित. विवाहित. आणि तिसरी : विवाहित, पण कर अविवाहितांच्या चढ्या दराने कापावा. फुली तिसरीत होती.

"चिठ्ठीवर तिसऱ्या चौकटीला वेगळा शब्द नाही," ती म्हणाली. "मशीन सरळ अविवाहित छापतं. आणि शून्य म्हणजे मी सवलत एकही घेतलेली नाही."

"पण जास्त कापून घ्यायची हौस कशाला?"

"तू गिरणीत सवलती किती लिहिल्यास?"

त्याला आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी कामाचे तास घटले, तेव्हा हातात पगार जास्त यावा म्हणून त्याने आकडा बदलला होता. सवलती साधारण घरातल्या माणसामागे एक; जितक्या जास्त लिहाव्यात तितका कर कमी कापतात.

"नऊ."

"आणि घरात माणसं किती?"

"तीन."

"तीन. त्या एप्रिलमध्ये आपल्या दोघांचा मिळून वर्षाचा हिशेब झाला, तेव्हा केवढा कर भरायचा निघाला! तू आकडा कमी करायचा सोडून हिशेब करून देणाऱ्या म्हाताऱ्याला चोर म्हणालास, दार आपटून निघालास. मी गाडीत बसून ठरवलं, याच्याशी कोण डोकं फोडणार? याचा जेवढा कमी कापतात, तेवढा माझा जास्त कापू दे."

पुढचे दोन एप्रिल सुरळीत गेले होते. त्या दोन वर्षांत तो गिरणीत छाती काढून सांगत फिरला होता, 'नऊ लिहा, काही होत नाही.' आत्ता ते आठवून त्याचे कान तापले.

"मला सांगायचंस."

"ऐकलं असतंस?"

त्याने फाइल मिटली. मग म्हणाला, "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

ते त्याला उच्चारता येईना. तिला मात्र ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने ओरडावं, काही फेकावं, असं त्याला वाटून गेलं. ती खुर्चीवर बसली.

"गुरुवारी मी बोलिंगला जाते, व्हर्लिन. बोलिंगला. आणि तेही मला धड जमत नाही."

"मी काय करू आता?"

"पुढच्या रविवारी सांग. तिथेच. आणि तेवढ्याच मोठ्याने."

सोमवारी त्याने गिरणीच्या कचेरीतून कोरा अर्ज घेतला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : दुसरं कोणी तुम्हाला आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवत नसेल, तर स्वतःसाठी एक लिहा. त्याचं पेन 'अवलंबून' या शब्दापाशीच थबकलं.

"अडलं कुठे?" खिडकीतल्या बाईने विचारलं. "पहिलीच तर ओळ आहे."

"दिसतंय मला," तो म्हणाला, आणि बऱ्याच वेळाने त्याने एकचा आकडा लिहिला.

रविवारी तो कॉफीचा कप घेऊन उभा राहिला. "मागच्या वेळी मी बायकोबद्दल बोललो. ते चुकीचं होतं. ती चिठ्ठी तशी का, ते मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. नऊ सवलती लिहून मी कर कमी कापून घेत होतो, आणि ती दोन वर्षं तो आपल्या पगारातून भरून काढत होती."

कोणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

"अरे, पण मग मी किती लिहायच्या?" रॉली ओरडला. "तुझंच ऐकून मी नऊ केल्यात!"

"मला नको विचारू," व्हर्लिन म्हणाला. "हिला विचार."

सगळ्यांच्या माना मार्लिसकडे वळल्या. तिने काटा शांतपणे पुसला.

"उद्या चारनंतर चिठ्ठी घेऊन ये, रॉली. बायकोचीही आण."

तिच्या शेजारच्या खुर्चीवर ब्रिटाने आपली बॅग ठेवली होती. व्हर्लिन कप हातात धरून टेबलापाशी तसाच उभा राहिला. कॉफी निवली.

"ब्रिटा," मार्लिस ताटातली नजर न उचलता म्हणाली, "बॅग खाली ठेव."