राखून ठेवलेला झटका

मी इंजिन बोलतोय. गाडी नाही बरं का, नुसतं इंजिन. गाडी पुढच्या अंगणात उभी आहे, पांढरी फियाट, हिंगणघाटात अजून लोक मान वळवून बघतात अशी. तिच्या पोटात आता दुसरंच कुणी बसलंय. मी इथे मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली, लोखंडी घोडीवर. हे कसं झालं ते सांगतो, पण माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, घासलं, भोकं पाडली आणि छातीवर नंबर ठोकला. पहिला मालक नागपूरचा एक डॉक्टर. तो रस्त्यापेक्षा आरशात जास्त बघायचा. त्याने गाडी विकली आणि मी बंडूजींच्या घरी आलो. त्याला आता सदतीस वर्षं झाली.

बंडूजींचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान. माणूस बोलायला कमी, पण कान भारी तिखट. दुकानाकडे जाता जाता म्हणायचे, "आज दुसरा प्लग रुसला हाय," आणि खरंच दुसराच रुसलेला असायचा. असा मालक मिळायला नशीब लागतं राव!

फियाटच्या पुढच्या बंपरला एक भोक असतं. त्यातून लांब हँडल आत घालायचं, माझ्या दातात अडकवायचं आणि फिरवायचं, की मी सुरू. पहिल्याच वर्षी बंडूजींनी ते हँडल अंगठ्यासकट मुठीत गच्च आवळलं. ठिणगी वेळेआधी पडली, मी उलटा झटका दिला आणि त्यांचा उजवा अंगठा मोडला. तेव्हा मी त्यांना ओळखत नव्हतो. दुसरा कुणी असता तर मला लाथ घातली असती. बंडूजी प्लास्टर घालून आले आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "चूक माही होती. आंगठा बोटांच्या बाजूनं ठेवाले पाहिजे होता." त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. तो अंगठा आजही वाकडा आहे.

दसऱ्याला ते चावी लावायचे नाहीत. गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, माझ्या नंबरवर कुंकू लावायचं आणि मग हँडल. सगळी गल्ली जमायची आणि मोजायची, एक... दोन... तिसरा आकडा मी कधी येऊ दिला नाही. चारचौघांत बंडूजींची मान खाली जाईल असं मी कधीच वागलो नाही.

त्यांचा मुलगा भूपेंद्र. दर दसऱ्याला बंडूजी त्याला हाक मारायचे, "इकडे ये बे, आंगठा कसा ठेवाचा ते पाय." तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचा, "हो बाबा, पाह्यलं." काय पाह्यलं, कपाळ!

मग त्याचं लग्न निघालं, ऐन मे महिन्यात. जाम गावच्या चौकात भर दुपारी मी उकळलो. कबूल करतो, उकळलो. वऱ्हाडी पोट धरून हसले आणि नवरदेव बाशिंग बांधून ट्रकच्या केबिनमध्ये चढला. पण आदल्या संध्याकाळी बंडूजींनी त्याला बजावलं होतं, "पाणी पाहून घेजो." तेव्हा हे साहेब तोंडाला लेप लावून पडले होते. माझ्या पोटात पाणी नाही, दोष माझा! त्या दिवसापासून त्याने माझ्यावर दात धरला.

या भादव्यात बंडूजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर ते बोरगाव मेघेला लेकीकडे, आचलकडे राहायला गेले. तिसऱ्याच दिवशी भूपेंद्रने हरिदास मिस्त्रीला घरी आणलं. हरिदास म्हणजे पंचवीस वर्षं माझं पोट उघडून पुन्हा शिवणारा माणूस. मला वाटलं, तेल बदलायला आला असेल.

"हरिदासभाऊ, नवं इंजिन बसवून द्या," भूपेंद्र म्हणाला. "मले एसी पाहिजे. बाबाले सांगू, जुनंच दुरुस्त केलं म्हणून."

"अन् बंडूजीनं ओळखलं त?"

"डोयेच बरे नाई त्याहिचे. ओळखतीन कशानं?"

डोळ्यांनी ओळखायचे का रे ते मला? तीस वर्षं बापाच्या घरात राहिलास आणि एवढंही तुला कळलं नाही?

हरिदासने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोल्ट काढले, साखळी बांधली आणि मला वर उचललं. मग गाडीतले माझे पाय टेकायचे आधार गॅसने कापून टाकले. तिथे आणून बसवलं अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं इंजिन. हलकं, चकचकीत. चालू आहे की बंद, ते हात लावून बघावं लागतं. हरिदास, तुलाही मी विसरलेलो नाही.

मला घराच्या बगलेला रिकाम्या पोत्यांखाली दडवलं. भंगारवाला चिंधू येऊन थोपटून गेला. "घणानं फोडूनच न्या लागते हे," म्हणाला. पण बंडूजींची बायको, अनुसयाबाई, मध्ये पडल्या. "नवरात्रात लोखंड घराबाहेर जात नाई. दसरा होऊ दे, मंग पाय." त्या पदराने डोळे पुसत होत्या, पण पोराचं नाव नवऱ्याला सांगायची त्यांची हिंमत होत नव्हती.

म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घण. त्याआधी बंडूजींना कळलं पाहिजे, एवढं एकच मी मनात धरून बसलो. फुटायचंच असेल तर फुटेन, पण हा पोरगा बापाला फसवून सुखाने एसीची हवा खाईल हे मला सहन होत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जावयाने बंडूजींना आणून सोडलं. दसऱ्याच्या सकाळी काळा चष्मा लावून ते अंगणात उभे राहिले. मी भिंतीच्या कडेला, दहा पावलांवर, पोत्यांखाली.

"हँडल आण," बंडूजी म्हणाले.

"बाबा, यंदा चावीनंच लावू ना. डॉक्टरनं जोर कराले नाई म्हटलं."

"महिना झाला त्याले. सदतीस वर्षांत दसऱ्याले चावी लावली नाई मी. आण मुकाट्यानं."

आता ऐका. या शहाण्याने गाडीचं सगळं बदललं, पण बंपरचं भोक तसंच ठेवलं. जुनी गाडी जुनी दिसली पाहिजे ना, व्हिडिओ काढायला! आणि त्या भोकामागे बसवला होता नव्या इंजिनाचा मोठा, नाजूक रेडिएटर. भूपेंद्र "बाबा, थांबा" म्हणेपर्यंत हँडल आत गेलं होतं. दात लागेना. बंडूजींनी अजून रेटलं. गल्ली ओरडली, "एक!" आणि कर्रकन आवाज झाला. हिरवंगार पाणी भळाभळा रांगोळीवर, आपट्याच्या पानांवर, भूपेंद्रच्या नव्या बुटांवर!

शाब्बास रे हँडल! मला हसता येत असतं तर पोती उडाली असती.

बंडूजींनी वाकून ते पाणी बोटाला लावलं, वास घेतला. बॉनेट उघडलं आणि आत हात फिरवला.

"भूपेंद्र, माह्यं इंजिन कुठी हाय?"

तो वाकून बूट पुसायला लागला.

"भूपेंद्र, तुले इचारून राह्यलो."

शेवटी अनुसयाबाईच पुढे आल्या. "पोत्यांखाली हाय अवो. म्या पहिलेच सांगाले पाहिजे होतं. चुकलं माह्यं."

बंडूजी आले. पोती बाजूला केली. वाकड्या अंगठ्याने माझा नंबर चाचपला, त्यावरचे कुंकवाचे थर चाचपले. मला वाटलं, आता वळतील आणि पोराच्या कानाखाली आवाज काढतील. मी त्या आवाजाची वाट बघत होतो. पण ते नुसते माझ्याजवळ बसून राहिले. मला फार वाईट वाटलं आणि राग दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी चिंधू रिकामा परत गेला. हरिदास मान खाली घालून आला. "बंडूजी, गाडीतले आधार कापले मी. आता हे तिथे बसत नाई."

"मंग लोखंडाची घोडी बनव अन् यावर बसव," बंडूजी म्हणाले. "मले आवाज पाहिजे. अन् भूपेंद्र, दुकान उघडाच्या आंधी रोज तूच फिरवजो."

हरिदासने घोडी केली, फांदीला पेट्रोलची बाटली टांगली. पहिल्या सकाळी भूपेंद्र हँडल घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने ते अंगठ्यासकट मुठीत गच्च आवळलं.

हेच, हेच मला पाहिजे होतं! गॅसची ज्योत, साखळी, पोती, घण, सगळं मी एका ठिणगीत गोळा केलं. उलटा झटका असा देणार होतो की अंगठाच काय, मनगटही राहिलं नसतं.

"बाबा, बरोबर धरलं ना?" त्याने उगाच विचारायचं म्हणून विचारलं.

"वीस दसरे सांगून पाह्यलं," बंडूजी म्हणाले. "तवा तुले आयकाचं नव्हतं. आता मनातून इचारशीन, तवाच सांगीन."

एवढं बोलून ते पुढे आले आणि पोराच्या मुठीवर त्यांनी आपली मूठ ठेवली. तोच वाकडा अंगठा, मुद्दाम, माझ्यासमोर. त्यांना सगळं माहीत होतं. मी काय करणार आहे तेसुद्धा.

आता काय करू मी? पोराचं मनगट मोडायचं तर आधी तो अंगठा पुन्हा मोडावा लागला असता. मी सगळी ठिणगी गिळली आणि पहिल्याच फेरीत सुरू झालो. बंडूजींनी डोळे मिटून आवाज ऐकला. "चालू झालं ना बाबा!" म्हणत भूपेंद्र लहान पोरासारखा हसला. हसू दे.

आज आठ दिवस झाले. रोज सकाळी दोन मुठी येतात आणि रोज मी निमूट सुरू होतो. पण बंडूजींना एकाहत्तरावं लागलंय आणि परवापासून त्यांचा हात थरथरतोय. भूपेंद्र, तुला ते दिसत नाही का? विचार त्यांना अंगठ्याचं. त्यांचा हात तुझ्या हातावर आहे तोवर विचारून घे. मी तुला माफ केलेलं नाही, आणि एक दिवस तू हँडल घेऊन एकटाच येशील.