देवभाताचे अख्खे दाणे

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नेम मी लग्नाआधीपासून पाळते. त्या दिवशी देवभात लागतो. तो कुणी पेरत नाही. तळ्याच्या कडेला आपसूक उगवतो, काळ्या सालीचा, लांब कुसळांचा. कुरुळीच्या रतनबाई दरवर्षी कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो टोपलीत झोडून घ्यायच्या आणि नेम करणाऱ्या बायकांना मूठमूठ वाटायच्या.

मोशीच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे भाताचे जुने आणि रानटी वाण गोळा करून त्यांच्या जनुकांतला फरक तपासतात. मी सहज रतनबाईंचं बोलले, तर आमचे प्रमुख सलिल सर खुर्चीतून उठलेच. "मधुवंतीताई, या तळ्यातला वाण आपल्याकडे नाही. आणाच."

यंदा रतनबाईंनी एकच मूठ दिली.

"एवढंच गावलं. गणपती उठलं की तळं बुजवणार हायती, कंपनीच्या गाड्या लावाया. निम्मं तुज्या देवाला, निम्मं तुज्या मशिनीला. पर उगवलं की त्यातलं मला परत दे, बाई. दारात टाकं बांधून तळ्याचा गाळ भरलाय. सासूनं माज्या वटीत घातल्यालं हाय हे. माज्या हातनं संपाया नको."

"देईन, मावशी," मी म्हणाले.

घरी येऊन मी ताट घेऊन निवडायला बसले. देवाला फुटकं चालत नाही. बोटं आपली निवडत गेली. भरलेले अख्खे दाणे देवाच्या वाटीत, पोचट नि फुटके कागदाच्या पुडीत. पुडीवर मी नीट अक्षरात लिहिलं, 'कुरुळी, तळे'. वाटीतले दाणे कांडले, शिजवले, नैवेद्य दाखवला आणि प्रसाद म्हणून शितन् शीत खाल्लं. आपलं काही चुकलं असं मनातही आलं नाही.

तळं बुजलं. पुडीतले बावीस दाणे सरांनी ओल्या कागदावर घातले. पंधरा दिवसांत एकालाही मोड आला नाही. मग दाण्यांतले इवले गर्भ सोडवून मी त्यांना रंग दिला. हा रंग जिवंत पेशीत गेला की मायक्रोस्कोपच्या निळ्या प्रकाशात हिरवा उजळतो. मेलेली पेशी काळीच राहते.

बावीसही काळे.

"रतनबाईंनी एवढेच दिले होते?" सरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. सकाळच्या स्तोत्राची गोडी जिभेवर असतानाच.

"यंत्र एकदा तपासून बघा. मगच त्यांना कळवू. त्यांच्या तोंडावर 'संपलं' म्हणायला मला जमणार नाही."

यंत्र तपासायची आमची साधी रीत आहे. गालाच्या आतून काडीने पेशी खरवडायच्या आणि आधी रंग न घालता बघायच्या. रंगाशिवाय माणसाची पेशी उजळत नाही. दिसायला हवा तो अंधार.

माझ्या पेशींत मला लाल ठिपके दिसले. बारीक, गोल, एका पेशीत दहा-बारा. कडेकडेने सावकाश सरकत होते.

या निळ्या प्रकाशात लाल चमकतो तो पानातला हिरवेपणा, हरितद्रव्य. त्याला रंग लावावा लागत नाही. पण तो पानात असतो.

शेजारी बसणारी अबोली डोकावली. "अगंबाई! ताई, ऋषीची भाजी जरा जास्तच झाली का? दात घासत जा हो."

मी हसले. तोंड पाच वेळा धुऊन पुन्हा काडी फिरवली. या वेळी ठिपके जास्त होते, आणि पेशींच्या कडा मऊ राहिल्या नव्हत्या. विटा रचाव्यात तशा, रोपाच्या पेशींसारख्या, त्या सरळ रांगेत चिकटल्या होत्या. अबोलीने स्वतःची स्लाइड लावली. ती काळी, स्वच्छ. मग ती खुर्ची थोडी लांब सरकवून बसली.

त्या आठवड्यात मला भूक लागली नाही. गुरुवारचा उपास सोडायचाच राहिला. गॅलरीत उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं की पोट भरल्यासारखं व्हायचं. पाणी मात्र तांब्याने प्यायचे, आणि तरीही पायांना ओल हवीशी वाटायची.

शनिवारी सकाळी रतनबाई स्वतःच प्रयोगशाळेच्या फाटकाशी आल्या.

"जगलं का गं?"

सर आत होते. त्यांना बोलावता आलं असतं. पण मी फाटकाबाहेर गेले आणि त्यांचे पाय धरले.

"मावशी, चांगले दाणे मी देवाला घातले. मशिनला पोचट दिले. चांगले सगळे मी खाल्ले. एकही उरला नाही."

रतनबाई रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझी हनुवटी वर केली, चेहरा उन्हाकडे वळवला आणि गालावरून अंगठा फिरवला. पीक तयार झालंय का बघताना ओंबीवरून फिरवतात, तसा.

"उरलं कसं न्हाई?" त्या हळूच म्हणाल्या. "मला परत द्यायचं कबूल केलंतंस न्हवं? चल."

मी सरांना सांगून आले नाही. रिक्षात त्यांनी माझा हात सोडला नाही. त्यांच्या दारात सिमेंटचं टाकं होतं, काठोकाठ काळ्या गाळाने भरलेलं, वर वीतभर पाणी. रतनबाईंनी माझा पदर खोचून दिला, कपाळाला हळद-कुंकू लावलं.

"भ्यायचं न्हाई. आपसूकच हुतं ते."

मी चपला काढल्या आणि पाय आत सोडले. गाळ कोमट होता. बोटांच्या टोकांतून मुळांसारखं काहीतरी खाली, फार खाली उतरत गेलं, आणि किती दिवसांनी मला भूक लागली.