साडेदहा तासांचा हातचा

वच्छलाबाई रात्री आठला गेल्या आणि तासाभरात आश्रुबा सरांना टोरांटोहून पंकजाचा फोन आला. "सर, इथलं संध्याकाळी साडेपाचचं विमान मिळालंय. आईचं तोंड तरी बघायला मिळेल ना?"

बोरीच्या शाळेत तीस वर्षं गणित-भूगोल शिकवलेल्या सरांनी जन्मात कुणाला अंदाजे उत्तर दिलं नव्हतं. आपल्या या लाडक्या विद्यार्थिनीला मात्र ते "मिळेल" म्हणून बसले आणि तिथंच त्यांच्या जिवाला घोर लागला.

सकाळी अंगणात भावकी बसली होती. पंकजाचे चुलते दत्तराव घाई करत होते. मयत घरात असेपर्यंत भावकीत चूल पेटत नाही आणि दिवस मावळल्यावर बोरीत कुणी मयत उचलत नाही. "धाला उचलू. लेकरं उपाशी हायत," ते म्हणाले. पंकजाचा भाऊ व्यंकटी खाली मान घालून बसला होता. चुलत्यापुढं त्याची कधी मान वर झालीच नव्हती.

"सर, तुमीच सांगा," दत्तराव वळले. "पोरगी कवा पोचंल?"

सरांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडेमोड मांडली. मुंबईपर्यंत साडेबारा हजार किलोमीटर, ताशी नऊशे, म्हणजे चौदा तास. साडेपाचात चौदा मिळवले की सकाळचे साडेसात. पण ते टोरांटोच्या घड्याळात! आपल्याकडचे आणखी साडेदहा तास धरले की संध्याकाळचे सहा, वर गाडीचे आठ. रात्रभर त्यांनी हेच तीनदा करून पाहिलं होतं. खरं बोलावं तर दत्तराव आत्ताच तिरडी बांधायला सांगणार.

"साडेसातला मुंबईत उतरली आसंल," सर म्हणाले. "चारला दारात."

सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भावकी थांबली, जिंतूरहून बर्फाची पेटी आली. सरांना मात्र कुठंच टेकवेना. ते फाट्यापर्यंत जात, परत येत, पाणी पीत, पुन्हा निघत. दुपारी दत्तरावांनी विचारलं, "उतरली तर फोन का न्हाई केला?" सर म्हणाले, "इकडलं कार्ड नसंल तिच्याजवळ." एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. उपाशी लेकरांची किरकिर ऐकून त्यांना स्वतःचीच शरम वाटत होती.

चार वाजले. पाच वाजले. गाडी येईना, ऊन उतरलं, दिवस मावळला. आता सकाळशिवाय काही होणार नव्हतं. साडेसहाला व्यंकटीचा फोन वाजला. पंकजा आत्ता कुठं मुंबईत उतरली होती.

व्यंकटी ताडकन उठला. "सर, तिकडल्या घड्याळाचा हातचाच इसरलात की! आमाला हेच शिकवलं का? सगळ्या भावकीला दिवसभर उपाशी मारलं तुमी!"

"चुकलो," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द त्यांच्या तोंडून चारचौघांत निघाला. बाया तोंडाला पदर लावून कुजबुजल्या. दत्तराव तर "म्हातारपण आलं मास्तरला" असं मोठ्यानं बोलले.

पंकजा पहाटे पोचली. आईच्या गालाला गाल लावून ती कितीतरी वेळ बसली. उजाडल्यावर मयत उचललं.

मसणवट्यातून परतताना व्यंकटी सरांच्या बरोबरीनं चालू लागला.

"सर, इमानाचा टाइम मी रात्रीच मोबाइलवर पायला होता," तो हळूच म्हणाला. "काकाम्होरं माझी जीभच उचलंना. तुमी चार म्हनलात अन् मी गप बसलो. काल तुमाला बोललो नसतो, तर काकाला संशय आला आसता."

सर थांबले. व्यंकटी मात्र थांबला नाही. रडताना कुणाला दिसू नये म्हणून तो झपाझप पुढं निघून गेला.