कौसाबाईंचा आवाज आणि सेलोटेपचा तुकडा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, माझा अवतार बघून नाक मुरडू नका. माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, दुकानावरच्या एका माळ्यावर झाला. अंगावर परदेशी लेबल आणि पोटात गल्लीबोळातून जमवलेले सुटे भाग! पण आवाज असा टिपायचो, की बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा सुटत नसे.

अंबरनाथच्या एका कॉलेजातल्या पत्रकारिता मंडळाने मला घेतलं. मुलं मला काखोटीला मारून मुलाखतींना न्यायची, ऐकून ऐकून मजकूर उतरवायची, भित्तिपत्रावर लावायची आणि त्याच कॅसेटवर पुढची मुलाखत भरायची. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा एक बारीक तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. आमच्या मंडळात मात्र मोडलेल्या जागी सेलोटेप चिकटवून पुन्हा भरायची रीतच होती. कुणाला त्यात काही वाटत नसे. मलाही वाटत नसे.

मंडळात विठ्ठलवाडीची अस्मिता होती. मुलाखतीला निघाली की मला धूळ लागू नये म्हणून ओढणीत गुंडाळायची. फार जीव होता तिचा माझ्यावर. एकदा ती मला कौसाबाईंच्या खोलीवर घेऊन गेली. कौसाबाई म्हणजे तिच्या आईच्या जुन्या शेजारीण. उभा जन्म काडेपेटीच्या कारखान्यात गेलेला, अक्षराशी ओळख नाही. पण स्वतः रचलेल्या ओव्यांचा साठा असा, की कॅसेटची एक बाजू भरत आली तरी बाई थांबेनात!

गाऊन झाल्यावर त्यांनी माझ्या जाळीवर बोट ठेवून विचारलं, "पोरी, मी मेल्यावरबी ह्यात ऱ्हाईल का गं माझा आवाज?"

"राहील, मावशी. मी सांगते ना!" अस्मिता म्हणाली. घरी आल्याआल्या तिने पहिलं काम केलं ते कॅसेटचा तो तुकडा मोडून टाकण्याचं.

पुढे कौसाबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कायमचा गेला. आता त्या ओव्या जगात एकाच ठिकाणी होत्या, त्या कॅसेटवर.

त्याच वर्षी, म्हणजे २००६ साली, मंडळाने 'डिजिटल माध्यमं आणि करिअर' असा कार्यक्रम ठेवला. मुंबईहून बातम्यांच्या वेबसाइटवाले एक पाहुणे येणार होते. भाषण झाल्यावर कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर कसा चढवायचा, हे ते करून दाखवणार होते आणि त्यासाठी अस्मिताने कौसाबाईंची कॅसेट निवडली होती. सकाळीच ती कॅसेट तिने माझ्या पोटात ठेवली आणि कौसाबाईंना रिक्षातून उतरवून घ्यायला गेटवर गेली.

इकडे पाहुणे व्यासपीठावर चढले. मंडळाचा सेक्रेटरी प्रीतम गडबडीत माझ्यापाशी आला. पोरगा मनाने चांगला, पण सगळ्या कामांची घाई; दाखवायला कुठली कॅसेट निवडली आहे, हेही त्याने विचारलं नव्हतं. पाहुण्यांचं भाषण भरून घ्यायचं, हा मंडळाचा शिरस्ताच होता. त्याने माझं झाकण उघडलं.

"अरे, ही अस्मिताची आहे," कुणीतरी म्हणालं.

"टेन्शन नको घेऊस यार! ओव्या कॉम्प्युटरवर कधीच्या चढल्या असतील. आता ही रिकामीच समज." असं म्हणून त्याने सेलोटेपचा तुकडा दातांनी तोडला, मोडलेल्या जागेवर चिकटवला, कॅसेट पार सुरुवातीला नेली आणि लाल बटण दाबलं.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! पण जे कानावर येईल ते मुकाट्याने घ्यायचं, हाच माझा जन्म. पाहुणे सांगत होते, "आता कुठलाच आवाज हरवणार नाही." आणि त्यांचा शब्द न् शब्द मी कौसाबाईंच्या ओव्यांवर चढवत होतो. कौसाबाई धुवट पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या, शेजारी अस्मिता; तिथून तिला माझं दाबलेलं बटण दिसत नव्हतं. त्यांच्या तोंडावर काय आनंद होता! आवाज गेल्यापासून पहिल्यांदाच त्या चार माणसांत आल्या होत्या.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. अस्मिताने मला कॉम्प्युटरला जोडलं, कॅसेट मागे नेली आणि बटण दाबलं.

"विद्यार्थी मित्रहो," पाहुण्यांचा आवाज आला.

मुलं हसली. अस्मिताने कॅसेट पुढे पळवली. पाहुणेच. आणखी पुढे. तरी पाहुणेच. तिने झाकण उघडून सेलोटेपवर बोट फिरवलं आणि प्रीतमकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मला वाटलं..." तो पुटपुटला. पाहुण्यांनीही मान खाली घातली.

अस्मिताने कॅसेट पुन्हा लावली, अगदी शेवटाकडे नेली. भाषणाच्या टाळ्या विरल्या, खट्ट झालं, आणि त्यापलीकडे उरलेल्या एवढ्याशा पट्टीतून आवाज आला, "झालं का गं? बंद कर आता ते. च्या टाकते, पिऊनच जा."

बस्स. तेवढंच उरलं होतं.

अस्मिता कौसाबाईंच्या पायाशी बसून हमसून हमसून रडली. "मावशी, मी शब्द दिला होता तुम्हाला!" कौसाबाई काय बोलणार? त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने कप तोंडाला लावल्याची खूण केली. चल, चहा पिऊ.

आज कौसाबाई नाहीत. वस्तीतल्या बायकांना त्यांच्या दोन-चार ओव्या येतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या. मला विचाराल तर मला एकही येत नाही. रेकॉर्डरला कान असतात हो, आठवण नसते. ती कॅसेटला असते.

मी आता बदलापूरला अस्मिताच्या कपाटावर असतो. तीच कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. माझा रबरी पट्टा सैल झालाय, टेप अडकली तर तेवढंही जाईल, म्हणून ती मला वाजवत नाही. नुसती पुसून ठेवते.

मित्रांनो, तुमची यंत्रं माझ्यापेक्षा लाखपट हुशार आहेत. पण लाल बटण त्यांनाही असतंच. ते दाबण्याआधी, हात जोडून सांगतो, आत कोण आहे ते एकदा ऐकून घ्या. कदाचित कुणीतरी तुम्हाला चहाला थांबा म्हणत असेल.