कपची

समोरच्या मावशींनी दोन्ही डबे परातीत उपडे केले, बोटांनी त्यांच्या कडा निपटल्या आणि परात माझ्यापुढे सरकवली.

"हं. बघ आता."

"गर तपासलेलाच असेल ना, मावशी? शेडमधूनच आणलाय तुम्ही."

"तपासलेलाच आहे. तरी बघायचं. तुझी आई बघायची."

मी बघायला लागले. परातीत खेकड्याचं मांस होतं, बर्फातून नुकतंच काढलेलं. शेडमध्ये त्याला कुणी मांस म्हणत नसे, गर म्हणत, फळाचा असावा तसा. आणि गरात चुकून राहिलेल्या कवचाच्या तुकड्याला कपची. माझ्या लहानपणी घरात या दोन शब्दांइतका दुसरा कुठलाच शब्द वापरला गेला नसेल.

आईनं एकतीस वर्षं त्या शेडमध्ये खेकडे सोलले. उकडलेला खेकडा फोडायचा, बारीक सुरीनं आतला गर काढायचा, वाडगा भरला की चाचपायचा आणि मगच डब्यात भरायचा. डब्याच्या बुडाशी सोलणारणीचा नंबर असे. आईचा नंबर चौदा. लांबच्या कुठल्यातरी गावात कुणाच्या दाताखाली कपची आली, तर तक्रार नंबरासकट शेडमध्ये परत येई. चौदा नंबरावर बावीस वर्षं एकही तक्रार आली नव्हती. लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात. आई डोळे मिटून करायची. "डोळ्यांना काय दिसणार? गर पांढरा, कपचीपण पांढरी," ती म्हणायची. "हाताला कळतं."

हंगाम संपला की शेड धुऊन काढत आणि तिथंच पार्टी होई. प्रत्येकीनं घरून काहीतरी न्यायचं. आई ओव्हनमध्ये भाजलेला एक मोठा ट्रे न्यायची. गरात मऊ चीज, मेयोनीज, लिंबू, चमचाभर मोहरीची पेस्ट आणि बारीक चिरलेला कांदा. वर पावाचा चुरा. कडेनं बुडबुडे यायला लागले की बाहेर काढायचा आणि गरम असतानाच टोस्टला लावून खायचा. या पदार्थाला नाव असेल, पण शेडमध्ये त्याला 'चौदाचा ट्रे' एवढंच म्हणत.

आई गेली त्याला चार महिने झाले होते. मी तिचं घर रिकामं करायला आले होते. आठवड्यापूर्वी समोरच्या मावशींचा फोन आला. एकोणीस वर्षं शेडच्या टेबलाशी आईच्या समोर बसल्या, म्हणून आई त्यांना 'समोरची' म्हणायची. मी नुसतं मावशी म्हणत आले. "शनिवारी दुपारी पार्टी आहे," मावशी म्हणाल्या. "ट्रेचं काय?" ट्रे म्हणजे जणू आईच्या मागं राहिलेलं कुणीतरी म्हातारं माणूस होतं, ज्याची सोय लावायची राहून गेली होती.

"मी करते," मी म्हटलं.

मला तो करता येत नव्हता. चार महिने मी आईची भांडी, चादरी, चपला कुणाकुणाला देत होते. घ्यायला येणारे संकोचानं घेत. माझ्याकडे कुणी आपणहून मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच माझ्याजवळ नव्हती. आपण निदान एवढं तरी आईसारखं करू शकतो की नाही, हे मला बघायचं होतं.

"झालं," मी हात पुसत म्हटलं. "काही नाही यात."

मावशी उठल्या, नळाखाली हात धुतले, डोळे मिटले आणि दोन्ही हात परातीत घातले. सायीत फिरावीत तशी बोटं गरातून फिरली. अर्ध्या मिनिटात परातीच्या कडेवर दोन कपच्या आल्या. नखाच्या कोरीएवढ्या.

"तू वाचतेस," त्या म्हणाल्या. "चाचपत नाहीस."

"तेच काम करते ना मी."

"माहितीय. तुझी आई सांगायची आम्हाला, माझी मुलगी पुस्तकं सोलते."

छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका मी काढते. आईला ते नीट कळलंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

"असं सांगायची?"

"मग? एकदा आमच्या टेबलावरच्या रडकीनं विचारलं, अहो पुस्तकात कसल्या आल्यात कपच्या? तर म्हणे, असतात बाई. वाचणाऱ्याच्या घशात अडकतात."

मी हसले. मावशीही हसल्या. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिसरी कपची कडेला ठेवत त्या म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. चौदाच्या वाडग्यातूनसुद्धा शेवटी शेवटी पाच-पाच निघायच्या."

आणि त्यांचा हात थांबला.

"आईच्या?"

मावशींनी डोळे उघडले. परातीत बघत राहिल्या.

"मावशी, आईच्या वाडग्यातून?"

"कांदा चिरलास का तू?"

"चिरलाय. सांगा ना."

त्यांनी हात गरातून काढले, पण पुसले नाहीत. तसेच परातीवर धरून बसल्या.

"बोटं गेली होती तिची. एकतीस वर्षं बर्फात हात म्हणजे काय चेष्टा आहे? टोकं आधी बधिर होतात. माझीही होतील. दोन वर्षं झाली असतील. एकदा तिचा वाडगा माझ्या कोपराला लागून सांडला. गोळा करायला गेले तर चार निघाल्या. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला उठली तेव्हा मुद्दाम बघितलं. सहा."

"मग?"

"मग काय. ती उठली की मी तिचा वाडगा ओढायची. माझं झालं की रडकी बघायची. तिची बोटं तरणी आहेत. रडते, पण बोटं चांगली."

"मुकादमाला सांगायचं नाही का? दुसरं काम दिलं असतं."

"दिलं असतं की. धुण्यावर. मागच्या अंगणात उभं राहून कवचं धुवायची, दिवसभर. चौदा नंबरला?"

मी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षी नाही. निदान मला तसं वाटायचं. मग एकदा मी वाडग्याकडे हात नेला आणि ती जागेवरून उठलीच नाही. माझ्याकडे बघितलं आणि आपल्या हातानं वाडगा माझ्याकडे ढकलला. त्या दिवसापासून रोज तीच ढकलायची."

"काय म्हणाली?"

"म्हणायचं काय त्यात? रडकीच्या सासूच्या सुनेचा विषय चालला होता. म्हणजे रडकीचाच. तोच पुढं चालू ठेवला."

मी चीज आणि मेयोनीज एकत्र करायला घेतलं. काहीतरी ढवळायला हवं होतं. गेल्या वर्षी फोनवर आई म्हणाली होती, "आता हाताला काही कळत नाही गं." बोलणं स्वयंपाकाचं चाललं होतं. भाजी खारट झाल्याचं ती सांगत होती. मला वाटलं, वयाबरोबर हाताचा अंदाज जातो, तसं काहीतरी. मी म्हटलं, "मग मोजून घालत जा," आणि कुरियरनं मापाचे चमचे पाठवून दिले. पाच चमच्यांचा संच, एका कडीत ओवलेला.

"मी तिला चमचे पाठवले होते," मी मावशींना म्हटलं.

"आणले होते की तिनं. शेडभर फिरवले. मुलीनं पाठवले म्हणून." मावशी पुन्हा परातीकडे वळल्या. "कशाला पाठवलेस ते काही तिलाही सांगता आलं नाही."

मी गर मिश्रणात घातला. आई इथं चमचा वापरत नसे, हातानं हलकेच वरखाली करायची, म्हणजे गराच्या फोडी मोडत नाहीत. मीही तसंच केलं. मावशींनी चव बघितली, लिंबू अजून पिळायला लावलं, पावाचा चुरा स्वतः पसरला. "हे तुला जमणार नाही, मूठ सैल लागते."

ट्रे ओव्हनमध्ये गेल्यावर आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो.

"तिथं काही बोलू नकोस हं," मावशी म्हणाल्या. "साहेब तुला विचारणार आईबद्दल. चौदाचे डबे शेवटी आमच्या तिघींचे होते. दुसरीच्या वाडग्याला हात लावायचा नाही असा नियम आहे. रडकी आत्ताच कुठं कायम झालीय."

"नाही बोलणार."

"आणि रडकीचं नावही काढू नकोस."

"मावशी, नाही बोलणार."

कडेनं बुडबुडे आले, चुरा तांबूस झाला. मी कापड दुहेरी केलं तरी ट्रे बाहेर काढताना बोटाला चटका बसला. गेल्या वर्षी या वेळी मी आले होते तेव्हा आईनं हाच ट्रे कापड न घेता उचलून ओट्यावर ठेवला होता. "हात आहेत का सांडशी?" मी म्हटलं होतं. ती हसली होती, मीही. आता त्या हसण्याचं काय करावं ते मला कळेना.

बसमध्ये ट्रे माझ्या मांडीवर होता, दोन टॉवेलांत गुंडाळलेला. त्याची धग पार आत लागत होती. मावशी म्हणाल्या, दे इकडे थोडा वेळ. मी दिला नाही.

शेड मी यापूर्वी आतून कधी पाहिली नव्हती. माझ्या डोक्यात ती मोठी होती. प्रत्यक्षात एक लांब खोली, पत्र्याची टेबलं, उतरती फरशी आणि मधोमध पाणी जायला नाली. सगळं धुऊन लख्ख केलेलं, तरी वास होता. आईच्या केसांना यायचा तो. चाळीसेक बायका धुतलेल्या कपड्यांत, एरवी डोक्याला बांधायच्या त्या जाळ्यांशिवाय, एकमेकींना जरा परक्यासारख्या दिसत होत्या.

"ही चौदाची मुलगी," मावशींनी सांगितलं. बायका सरकल्या. मला बसायला स्टूल दिलं. ते आईचं होतं का, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एक तरणी बाई माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागली तेव्हा ही रडकी असणार हे ओळखलं.

"झालं सुरू," शेजारची म्हणाली. "अगं, निदान खाऊन तरी रड."

साहेब आले. चांगला माणूस वाटला. आईबद्दल दोन शब्द बोलले, ते मनापासून होते. चौदा नंबर या हंगामात कुणाला दिला नाही आणि पुढंही देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बावीस वर्षं एक तक्रार नाही. नव्या मुलींना मी नेहमी त्यांचं उदाहरण देतो. तुम्ही घरच्या. तुम्हाला माहीत असेल, काय गुपित होतं त्यांचं?"

टेबलावरचं बोलणं थांबलं. मावशी टोस्टच्या थाळीतले टोस्ट सारखे करत होत्या. रडकीचं रडणं बंद झालं होतं.

माझ्या नोकरीत चूक दिसली की खूण करायची, एवढंच असतं. ती तशीच जाऊ द्यायची माझ्या हाताला सवय नाही.

"हाताला कळायचं तिच्या," मी म्हटलं.

"बघा," साहेब सगळ्यांना म्हणाले. "हाताला कळायचं."

"हो ना," मावशी म्हणाल्या. "चला, गार होतंय."

साहेब दोन टोस्ट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेले. मी ट्रेवरचे टॉवेल काढले. बायकांनी रांग लावली नाही, हात पुढं आले. मी मोठ्या चमच्यानं प्रत्येकीच्या टोस्टवर घालत गेले. आणि मग ते मला दिसलं. एकही बाई लगेच चावत नव्हती. घास तोंडात घेतला की तो जिभेनं टाळूशी दाबून धरायच्या, नजर कुठंतरी समोर लावून क्षणभर थांबायच्या, आणि मग चावायला लागायच्या. सगळ्याजणी. त्यांचं त्यांनाही ते ठाऊक नसावं. दोन तास खपून केलेला माझा ट्रे चाळीस जिभांवर तपासला जात होता आणि तेवढा वेळ शेडमध्ये शांतता होती. आई घरी जेवताना असाच प्रत्येक घास धरायची. मला वाटायचं, तिला माझ्याशी काहीतरी बोलायचंय आणि शब्द सापडत नाहीयेत.

टेबलाच्या टोकाला सगळ्यांत म्हातारी बाई बसली होती. तिचं तोंड थांबलं ते थांबलंच. तिनं पदर तोंडाशी नेला, ओठ पुसल्यासारखं केलं आणि चिमटीत काहीतरी धरून हात टेबलाखाली नेला. शेजारच्या दोघींनी बघितलं. त्यांचं बोलणं भाड्याच्या खोलीचं चाललं होतं, ते त्यांनी तसंच चालू ठेवलं.

मग म्हातारीनं आपली थाळी माझ्यापुढं केली.

"आणखी घाल थोडं," ती म्हणाली. "त्या कडेचं दे. करपलेलं आवडतं मला."

मी चमचा फिरवून ट्रेची कड खरवडली. बराच वेळ खरवडत राहिले. तिनं थाळी तशीच धरून ठेवली होती.