चव सांगणारी

पुण्यातल्या त्या टेबलावर जुईली कधीच जास्त प्यायची नाही. तिचा पेला सगळ्यांत शेवटी रिकामा व्हायचा. पण नवी बिअर आली की पहिला घोट तिचा, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. ती पेला नाकाशी धरायची, डोळे मिटायची, घोट जिभेवर घोळवायची आणि बाकीचे तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. मग ती सांगायची. "सरकीची ढेप भिजत घातल्यावर गोठ्यात जो वास येतो ना, तो." किंवा, "लग्नाची पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेला मठ्ठा."

ईशान खदखदून हसायचा, अदिती लगेच ते फोनवर टिपून घ्यायची आणि पुष्कर म्हणायचा, "ढेप म्हणजे काय हे पुण्यात कुणाला कळणार आहे?" पण कळायचं. त्यांच्या इन्स्टाग्रामच्या पानावर ते गेलं की बिअरचे शौकीन असलेले हजारभर लोक वाचायचे आणि पुढची कधी, म्हणून विचारायचे. दुसरे लोक लिहायचे तेच ते सिट्रस, कॅरामल. जुईली कोथरूडच्या भाड्याच्या खोलीत राहून अमरावती लिहायची.

मग तिच्या बाबांचा, हरिहर वकिलांचा, उजवा हात आणि अर्धी वाचा एका सकाळी झटक्यानं गेली, आणि जुईलीला अमरावतीत परत यावं लागलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुसरं भावंड नव्हतं. ती स्वतः कायदा शिकलेली होती. कंपनीतली नोकरी सोडली आणि बाबांच्या ऑफिसात त्यांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसायला लागली. दोन वर्षं होऊन गेली त्याला. जाताना ईशान तिला बसवर सोडायला आला होता. बॅग डिकीत ठेवून झाल्यावर म्हणाला, "तू गेल्यावर आम्हाला चव कोण सांगणार?" जुईलीला वाटलं, याच्यापुढे अजून एक वाक्य आहे. ती पायरीवर थांबून राहिली. कंडक्टरनं दार लावायला सांगितलं.

अमरावतीत बिअर मिळत नव्हती असं नाही. बडनेरा रोडला परमिट रूम ओळीनं होत्या. बाहेर काळ्या काचा, आत अंधार, आणि 'फॅमिली रूम' अशी एक पाटी, जिच्यामागे कुणाची फॅमिली गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मिळायची तीही एकाच चवीची, कडक, डोक्यात जाणारी. आणि हरिहर वकिलांची मुलगी दुकानाच्या खिडकीशी उभी राहिली असती तर दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या बार रूममध्ये चहाबरोबर तोच विषय निघाला असता. तिनं त्या वाटेला जाणंच सोडलं.

पण शनिवारी संध्याकाळी फोन यायचा. पहिल्यांदा नुसताच गप्पांचा. मग एकदा ईशान म्हणाला, "आम्हाला लिहायला जमत नाहीये. आम्ही पितो, तू सांग."

"न पिता कसं सांगू?"

"आम्ही जसं लागतं तसं बोलतो. तू विचार."

मागच्या खोलीत दार लोटून, फोन पुस्तकांना टेकवून जुईली त्यांची उलटतपासणी घ्यायची. "कडू लागतं ते कुठे? जिभेच्या शेंड्याला की घशापाशी?" "गिळल्यावर काय उरतं?" "फेस दाट आहे की साबणासारखा?" ते तिघं चाचपडत उत्तरं द्यायचे, एकमेकांना खोडून काढायचे. तिकडे तीन पेले, इकडे रिकामं तोंड. हळूहळू तिच्या जिभेवर काहीतरी जमा व्हायला लागायचं. "थांबा. भाजलेली ज्वारी. हुरडा नाही, त्याच्या पुढची, जरा करपलेली. आणि मागे गुळाचा खडा." तिकडून आरडाओरडा व्हायचा, "हेच! अगदी हेच!" जुईली मोठ्यानं हसायची. मग फोन बंद व्हायचा, पडद्यावर तिचाच चेहरा उरायचा, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्यायची. पाण्याला मातीचा वास होता, चांगला होता, पण तिला हवी होती ती चव ही नव्हती.

या जानेवारीत ईशाननं नोकरी सोडून पुण्याबाहेरच्या एका छोट्या बिअर बनवण्याच्या जागी काम धरलं. पहिलीच बिअर स्वतःच्या मनासारखी करायला मिळणार होती. "संत्र्याची करायचीय," तो म्हणाला. "इथल्या बाजारातल्या संत्र्याला नुसता रंग आहे. तू सांगायचीस ना, साल सोलताना डोळ्यात उडतो तो फवारा? मला तो हवाय, जुई."

तो फवारा. तिनं कधीतरी, कुठल्यातरी बिअरबद्दल म्हटलेलं. तो त्यानं इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता. त्या रात्री जुईलीला लवकर झोप आली नाही.

वरूडच्या मनोजची तिच्याकडे धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस होती. चाळिशीचा गडी, स्वतःची संत्र्याची बाग, शिवाय दुसऱ्यांचा माल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात पाठवायचा. तारखेला आला तेव्हा तिनं त्याला विचारलं.

"संत्र्याची बिअर?" मनोजनं डोक्यावरची टोपी काढली. "मंग संत्र काय करते त्यात?"

"सालं वापरतात."

"अन् फोडी?"

"त्या बहुतेक ते लोक खातील."

"म्हंजे आमी साल फेकून देतो अन् ते फोडी. बरं जमलं." मग तो हसला. "मृग बहाराचा माल आहे सध्या झाडावर. साल जाड, तेल लय. पाठवतो. तुमच्या दोस्तासाठी ना? पैशाचं नावच काढू नोका."

क्रेट ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेले. महिनाभर शनिवारचे फोन फक्त त्या बिअरवर चालले. ईशान उकळण्याबद्दल सांगायचा, जुईली सालीबद्दल सांगायची, बाकीचे दोघं जांभया द्यायचे. मग तारीख ठरली. "पहिला नळ उघडेन तेव्हा तू इथे समोर पाहिजेस," ईशान म्हणाला. "व्हिडिओवर नाही. समोर."

जुईलीनं बसचं तिकीट काढलं. बाबांना सांभाळणाऱ्या मैनाबाईंना दोन दिवस मुक्कामी राहायला सांगितलं. त्या हो म्हणाल्या. एक निळा कुर्ता घेतला. घरी आल्यावर तो आरशासमोर अंगाला लावून पाहिला आणि आपलंच आपल्याला हसू आलं. जायच्या दिवशी सकाळी मैनाबाईंचा फोन आला, त्यांचे सासरे गेले होते. त्यांना अकोल्याला जाणं भाग होतं. जुईलीनं दोघीतिघींना विचारून पाहिलं. शेजारच्या काकू दिवसा बसायला तयार होत्या, पण रात्री बाबांना उठवून न्यायला त्यांच्यात बळ नव्हतं. दुपारी तिनं तिकीट रद्द केलं. बाबांना भात भरवताना ते तिच्याकडे बघत होते. तिनं नुसतं सांगितलं, "नाही जमत या खेपेला."

शनिवारी व्हिडिओवरच भेट झाली. मागे गर्दी होती, गाणी होती. ईशाननं नळ उघडला, पेला भरला, उजेडाकडे धरून तिला दाखवला. गढूळ केशरी रंग, वर बोटभर फेस. "बघ, जुई!" त्यानं पहिला घोट घेतला आणि पेला अदितीकडे दिला. अदितीनं घोट घेऊन तो परत दिला. ईशाननं न बघताच पेला थोडा फिरवला आणि अदितीचे ओठ जिथे लागले होते त्याच कडेनं पुन्हा घोट घेतला. दोघांपैकी कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. सवयीचं झालं होतं ते.

जुईलीच्या आलं.

अदितीनं तिचा चेहरा पाहिला असावा. ती कॅमेऱ्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुला समोरासमोर सांगायचं होतं गं. म्हणून तर ये म्हणत होतो. आम्ही दोघं मे महिन्यात रजिस्टर करतोय."

"अगं वा!" जुईली म्हणाली. "किती छान." आवाज बरोबर निघाला, याचं तिला नवल वाटलं. "बरं, आता बिअरचं सांगा."

ते सांगायला लागले. कडू, गोड, संत्र्याचा वास, थोडं तिखट. पुष्करनंसुद्धा मन लावून सांगितलं. जुईली ऐकत होती, आणि जिभेवर काहीच येत नव्हतं. एक शब्द नाही, एक वास नाही. "मागे फार आवाज आहे," ती शेवटी म्हणाली. "नीट ऐकू येत नाही. नंतर बोलू." आणि फोन ठेवला.

दोन आठवड्यांनी मनोजचा फोन आला. "वकीलताई, पुण्याले माल घेऊन गेलो होतो. म्हटलं, आपली संत्री काय झाली ते पाहून तर येऊ. तुमच्या दोस्ताच्या तेथं जाऊन आलो. लय भला माणूस. मले सारं फिरून दाखवलं अन् तुमच्यासाठी एक मोठी बाटली देल्ली. बर्फात घालून आणली आहे. घरी आणू काय?"

"नको, नको," जुईली घाईनं म्हणाली. मग जरा थांबून, "धुरा पाहायला मला तुमच्याकडे यायचंच आहे. रविवारी येते."

मैनाबाई परतल्या होत्या. जुईली एसटीनं वरूडला गेली. मनोजनं धुरा दाखवला, तिनं फोटो काढले, मग तो तिला बागेत घेऊन गेला. झाडाखाली चटई होती. त्याची बायको प्रतीक्षा भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन बसली होती. मनोजनं विहिरीच्या थंड पाण्यातून काळपट काचेची बाटली वर काढली. पेले नव्हते, स्टीलचे ग्लास होते.

जुईलीनं ग्लास नाकाशी नेला. आणि आला. तो फवारा. डोळ्यांत पाणी आणणारा, बोटांना दिवसभर चिकटून राहणारा, अगदी तोच. ईशाननं तो धरला होता. क्षणभर ती पुण्यात होती, टेबलाशी, तिघं तिच्या तोंडाकडे बघत होते.

मग तिनं घोट घेतला. बिअर प्रवासात थकली होती, बुडबुडे संपत आले होते. आणि मागून एक कडूपणा आला, सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा, तुरट, जीभ ओढून धरणारा. ईशाननं सालं जास्त वेळ उकळली होती. तिला चटकन कळलं. जीभ तिची होती तशीच होती. फक्त तिला आता काही विचारायला समोर कुणी नव्हतं.

"कशी आहे?" मनोजनं विचारलं.

"तुम्ही सांगा आधी."

मनोजनं मोठा घोट घेतला. "पुण्याले प्यालो तेव्हा चांगली लागली होती. आता काढा लागून राहिला. पण वास आपल्या बागेचा आहे, हे मानलं."

"मले द्या," प्रतीक्षा म्हणाली. नवऱ्याच्या ग्लासातनं एक चमचाभर घेतली आणि तोंड वाकडं केलं. "काहून पिता बाप्पा हे? यापेक्षा संत्र खावं ना माणसानं!"

जुईली हसली. खूप दिवसांनी. प्रतीक्षानं तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. ती विचारत होती, तुमी जेवत काहून नाही, आणि जुईली झाडाखाली पडलेलं एक संत्रं सोलत बसली होती.

परत येताना बसमध्ये तिनं ईशानला आवाजी निरोप पाठवला. काही राखून ठेवलं नाही. वास कसा अचूक धरला आहेस. पांढरं खरवडून टाकायला हवं होतंस. सालं शेवटी घाल, उकळू नकोस. हे सगळं सांगून झाल्यावरही तिचं बोट बटणावर होतं, आणि मोर्शीपर्यंतचा रस्ता गाडीच्या खडखडाटासकट त्यात भरत गेला. तिनं तो निरोप तसाच पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं. "बरोबर आहे तुझं. आम्हाला कुणाला कळलं नव्हतं. पुढच्या वेळी तू म्हणशील तसं. थँक्स, जुई." तिनं ते दोनदा वाचलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. मैनाबाई देवापाशी दिवा लावत होत्या. बाबा पलंगावर उशांना टेकून बसले होते. ती जवळ जाऊन त्यांची चादर सारखी करायला वाकली, तेव्हा त्यांनी नाक वर केलं.

"कसला... वास?"

"बिअर, बाबा," जुईली म्हणाली. लपवावंसं वाटलं नाही. "मनोजच्या संत्र्यांची. पुण्यात केलीय माझ्या मित्रानं."

हरिहर वकिलांनी जन्मात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. एकेक शब्द आता त्यांना शोधून आणावा लागायचा.

"शनिवारी... फोनवर... तेच लोक?"

"तुम्हाला ऐकू येतं?"

"तू... हसतेस. तेवढं येतं."

जुईली पलंगाच्या कडेला बसली. त्यांचा उजवा हात तिनं मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून सरळ करायला लागली, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं.

"इकडे..." ते म्हणाले, "येत नाहीत... कधी?"

"नाही, बाबा. लांब पडतं त्यांना."

"हो," हरिहर वकील म्हणाले. "लांब आहे."

ती बोटं सरळ करत राहिली. बोटं पुन्हा पुन्हा मिटत होती. बाहेर काकू कुणालातरी हाका मारत होत्या, आणि तिच्या हातांना अजून संत्र्याचा वास येत होता.